दहाव्या मिनिटाचा थेंब

पत्रेमामांना शिडीवर चढायची बंदी होऊन दोन वर्षं झाली होती. बंदी डॉक्टरांनी घातली होती, पण ती पाळून घेण्याचं काम त्यांच्या मुलीनं अंगावर घेतलं होतं, आणि ती डॉक्टरांपेक्षा कडक होती. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणावं तसं जमलं नव्हतं. त्या बाजूनं मामांना सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसायचं. तेव्हापासून ते पत्रेकामाच्या दुकानातच बसायचे. बादलीला बूड लावून दे, नरसाळं सरळ करून दे, असली बसल्याजागची कामं करायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जुन्या कामांच्या गोष्टी सांगायचे.

छपरांची कामं आता मुलगी करायची. तिला लहानपणापासून सगळे ठिणगी म्हणायचे. नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण बदलावं असंही कुणाला कधी वाटलं नाही. पस्तिशीची झाली तरी स्वभाव तोच होता. तिनं बापाचा धंदा धरला तेव्हा मामांनी वर्षभर तोंड वाकडं केलं होतं. मग तिचं पत्रा वाकवणं पाहिलं आणि तोंड सरळ झालं. पण कौतुकाचा शब्द मात्र त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. मामांच्या घराण्यात ती पद्धतच नव्हती.

त्या सोमवारी ठिणगी दुकानात आली ती हातातली पिशवी आपटतच.

"नर्सबाईंचा फोन होता. परत गळतंय."

"कुठलं घर?"

"वळणावरचं, हिरव्या दाराचं. महिन्यापूर्वी मी पाच कौलं बदलली, पन्हळीचे सगळे सांधे भरले. माझ्याआधी दोघांनी डांबर फासून ठेवलं होतं, ते खरवडून काढलं. आणि परवाच्या पावसात पुन्हा भिंत ओली."

"सांधे नीट भरले नसशील."

"बाबा, मी भरलेत ते सांधे."

"मग पन्हळच वाईट असेल. हल्ली कोण कसं काम करून ठेवेल सांगता येत नाही. माझ्या हातची एक पन्हळ दाखव, जिच्यामागून पाणी गेलंय. एक!"

ठिणगीनं पिशवीतली हत्यारं एकेक करून टेबलावर मांडली. ती बोलत नसली की मामांना जास्त भीती वाटायची. मग ती म्हणाली, "उद्या जाणार आहे. तुम्ही येता का? वर नाही चढायचं. खाली उभं राहून बघायचं फक्त."

मामांनी विचार केल्यासारखं दाखवलं. खरं तर त्यांनी मनातल्या मनात टोपी घातलीसुद्धा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाईंनीच दार उघडलं. पन्नाशी ओलांडलेली, बारीक अंगाची बाई. दवाखान्यातली ड्यूटी करून आलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिनं चिडचिड केली असती तर बरं, असं ठिणगीला वाटलं असावं, पण बाई चिडली नाही. "या," म्हणाली, "आधी खोली बघून घ्या."

कडेची खोली लहानशी, पण नीटनेटकी होती. गल्लीकडे उघडणारी मोठी खिडकी, आणि खिडकीशेजारच्या कोपऱ्यात भिंत पार फुगलेली. रंगाचे पापुद्रे सुटलेले, छताला पिवळट डाग आणि त्याखाली एक पातेलं. खिडकीपाशी फरशीवर पलंगाच्या पायांच्या चार खुणा होत्या. पलंग मात्र आतल्या भिंतीशी सरकवलेला. त्यावर उशीला टेकून एक दांडगा माणूस बसला होता. डावा हात मांडीवर निपचित.

"हे आमचे यजमान, ड्रायव्हरसाहेब," नर्सबाई म्हणाल्या. "तीस वर्षं बस चालवली. दोन वर्षं झाली, अंगावरून वारं गेलं त्यांच्या."

"आणि दोन वर्षं झाली," पलंगावरचा माणूस म्हणाला, "सिस्टर मला चालवतायत." त्याचं बोलणं जरा जड होतं, शब्द सावकाश यायचे, पण डोळे लख्ख होते. "या मामा. बसा. या घरात नक्की कुठेतरी पाणी मुरतंय."

नर्सबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "खिडकीतनं रस्ता दिसायचा ना यांना. कोण आलं, कोण गेलं, कुणाची गाडी कुठल्या गिअरमध्ये चाललीय, सगळं सांगायचे मला. आता तीन महिने झाले, पलंग इकडे. दिसते ती फक्त भिंत. बोलणंही कमी झालंय." शेवटचं वाक्य त्या हळू बोलल्या, तरी ते पलंगापर्यंत पोचलंच.

ठिणगी शिडी घेऊन बाहेर खिडकीच्या बाजूला गेली. मामांना खाली उभं राहायचं होतं, पण पाय दुखायला लागले म्हणून ते खोलीतच खुर्चीवर टेकले. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "केव्हा गळतं हो?"

ड्रायव्हरसाहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसा एखादा माणूस पुष्कळ दिवसांनी आपल्या गावची भाषा ऐकून बघतो.

"हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला, मामा. तीन जण आले, तिघांनी सिस्टरना विचारलं. सिस्टर असतात ड्यूटीवर. इथे बसून बघतो मी."

"मग सांगा की."

"रिमझिम पावसात एक थेंब नाही. दिवसभर रिमझिम पडू दे, पातेलं कोरडं. पण बदाबदा कोसळला, की घड्याळ लावून सांगतो, दहाव्या मिनिटाला पहिला थेंब. आठव्याला नाही, पंधराव्याला नाही. मग धार. पाऊस थांबला तरी अर्धा तास टपटप चालूच."

मामा खुर्चीत सरळ बसले.

"वारा कुठल्या बाजूनं असला तर?"

"वाऱ्याचा संबंध नाही. तेही बघून ठेवलंय. वारा असो नसो, दहावं मिनिट."

मामांच्या डोक्यात तीस वर्षांची छपरं एकामागून एक सरकून गेली. कौल फुटलं असतं तर रिमझिम पावसातही गळलं असतं. सांधा उघडा असता तर पहिल्या मिनिटाला थेंब आला असता. दहा मिनिटं थांबून येणारं पाणी म्हणजे आधी कुठेतरी साठणारं पाणी. साठतं, भरतं आणि मग उतू जातं. आणि उतू जातं ते बाहेर नाही, आत.

"ठिणगे!" त्यांनी खिडकीतनं हाक मारली. "कौलांना हात लावू नको! पाण्याचा पाइप घे आणि पन्हळीत सोड! पुरता नळ उघड!"

"पन्हळीत?"

"सांगतो ते कर!"

नर्सबाईंनी अंगणातल्या नळाला रबरी पाइप जोडला. ठिणगीनं तो वर ओढून घेतला. ड्रायव्हरसाहेबांनी उजव्या हातानं उशीखालून मनगटी घड्याळ काढलं आणि बस सुटायच्या वेळी बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं. "चला, सोडा!"

पाणी पन्हळीत पडल्याचा आवाज खोलीत आला. सगळे छताकडे बघत राहिले. तीन मिनिटं झाली. पाच झाली. नर्सबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत.

"सात," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "पावसापेक्षा नळाचा जोर जास्त दिसतोय. लवकर येईल."

आठवं मिनिट संपता संपता पिवळ्या डागाच्या कडेला एक थेंब जमला, लोंबला आणि पातेल्यात पडला. टण्ण.

"आला!" ड्रायव्हरसाहेब असे ओरडले की जणू ते थेंबाचीच वाट बघत होते. एका परीनं खरंही होतं ते. तीन महिने ते जे बघत होते, ते आज पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी त्यांच्याबरोबर बघितलं होतं.

वरून ठिणगीचा आवाज आला. "बाबा, कळलं! या टोकाचा खाली उतरणारा पाइपच बंद आहे. वर झाकण ठोकलंय, मातीखाली दडलं होतं म्हणून तेव्हा दिसलं नाही. पाणी जायला वाटच नाही, अर्धी पन्हळ इथेच तुंबतेय!"

"अगंबाई," नर्सबाई म्हणाल्या, "शेजारच्यांनी या उन्हाळ्यात भिंत वाढवली ना, तेव्हा त्यांच्या गवंड्यानं बंद केला होता तो. मला म्हणाला, एक पाइप पुरतो. मला काय कळतंय त्यातलं?"

"पण भरली तर पुढून सांडायला हवी," मामा खिडकीपाशी उठून गेले. "रस्त्याकडे सांडायला हवी. मागे भिंतीत कशी जाते?"

वर पन्हळ ठोकून बघितल्याचा आवाज आला. मग ठिणगी सावकाश म्हणाली, "कारण पन्हळीची पुढची कड उंच आहे आणि मागची खाली. उलटी बसवलीय. ज्यानं कुणी लावली, त्यानं रस्त्यावरून छान दिसावी म्हणून पुढची कड वर उचललीय. मागची फळी सगळी कुजून गेलीय बाबा, बोट घातलं तर आत जातंय. थांबा, एक आकडा काढून आणते. आकडेही जुनेच आहेत."

ती उतरली आणि पन्हळ ज्याच्यावर टेकते तो लोखंडी आकडा तिनं बापाच्या हातात दिला.

मामांना तो नीट दिसला नाही. त्यांनी तो उजव्या डोळ्याजवळ नेला, मग अंगठ्यानं चाचपला. आकड्याचं टोक नुसतं कापलेलं नव्हतं. ते आत वळवून गोगलगायीच्या पाठीसारखं गोल केलं होतं. अंगठा त्या वळणावरून एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला, आणि तिथेच थांबला.

असं टोक वळवायची सवय या अख्ख्या भागात एकाच माणसाला होती. धंद्यात नवीन असताना, पंचविशीत. आपलं काम वेगळं दिसावं म्हणून तो प्रत्येक आकड्यावर अर्धा अर्धा तास घालवायचा. पुढे कामं वाढली आणि ती हौस सुटली.

मामांनी बाहेर पाहिलं. गल्ली ओळखीची नव्हती. शेजारी तेव्हा मोकळी जागा होती, आता दोन मजली घर होतं. हे घर तेव्हा पिवळं होतं आणि मालक दुसराच होता, एक जाडसर गृहस्थ, जो म्हणाला होता, "रस्त्यावरून बघितलं की रुबाब दिसला पाहिजे." आणि त्या पोरसवदा कारागिरानं रुबाब दाखवला होता. पुढची कड दोन बोटं वर. मधोमध उंच, दोन्ही टोकांना उतार, दोन पाइप. दोन्ही पाइप चालू होते तोवर पन्हळ कधी भरलीच नाही, म्हणून चूक कधी दिसलीच नाही. पाइप बंद झाला आणि बत्तीस वर्षं दडलेली चूक या माणसाच्या पलंगावर येऊन पडली.

गप्प राहता आलं असतं. आकडा पिशवीत टाकला असता तर कुणाला काही कळलं नसतं. खोटं कशाला सांगायचं, मामांच्या मनात तसा विचार आला. पण समोर ठिणगी उभी होती, केसांत कौलाचा चुरा, कोपरापर्यंत चिखल. काल तिला आपण काय काय ऐकवलं ते मामांना आठवलं.

"ही पन्हळ मी लावलीय," ते म्हणाले.

"काय?" नर्सबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मी. बत्तीस वर्षांपूर्वी. हा आकडा माझ्या हातचा आहे. पोरीची काही चूक नाही. तिनं केलेलं काम चोख आहे. चूक माझी. पुढची कड खाली हवी, हे मला तेव्हा माहीत होतं. दिसायला बरं दिसेना म्हणून वर घेतली." ते पलंगाकडे वळले. "तुमचे तीन महिने गेले, साहेब. माफी मागायला तोंड नाही मला."

पाइपातून अजून पाणी चालू होतं. नळ बंद करायचंही कुणाला सुचलं नव्हतं. मग पलंगावरून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"मामा, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी भरलेली बस घेऊन भलत्याच रस्त्याला लागलो होतो. चाळीस पॅसेंजर. तासभर गेलो. कुणी बोललं नाही, कारण मी इतक्या रुबाबात चालवत होतो, की त्यांना वाटलं, नवीन रस्ता निघाला असेल."

नर्सबाईंच्या तोंडून हसू फुटलं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "हे मला कधी सांगितलं नाहीत!"

"लग्न मोडलं असतंत."

मग नर्सबाई मामांकडे वळल्या. "मामा, बत्तीस वर्षं या पन्हळीनं घर कोरडं ठेवलं. आम्हाला इथे येऊन एकोणीस झाली. पाइप त्या गवंड्यानं बंद केला आणि मी करू दिला. आणि दुसरं सांगू? दवाखान्यात मी रोज बघते. चूक झाली की माणसं एकमेकांकडे बोटं दाखवतात. पेशंट मधल्या मधे राहतो. तुम्ही स्वतःकडे बोट दाखवलंत. माझं अर्धं काम तिथेच झालं. आता चहा टाकते."

ठिणगीनं बाहेर जाऊन नळ बंद केला, आकडा परत घेतला आणि शिडीकडे गेली. मामा तिच्यामागून गेले.

"ठिणगे."

"हं."

"काल मी बोललो ते..."

"बाबा, शिडी धरा," ती म्हणाली. "उरलेले अकरा आकडे काढायचेत."

मामांनी शिडी धरली. दोन वर्षांनी त्यांच्या हातात शिडीचे बांबू आले होते. वर लेकीची पावलं एकेक पायरी चढत होती आणि प्रत्येक पायरीचा भार त्यांच्या तळहातांपर्यंत पोचत होता. त्यांना वाटलं, ही चूक आपण गेल्यावर कुणाला सापडली असती तर? किंवा कुणा परक्याच्या हातात तो आकडा गेला असता तर? आपण जिवंत असताना, आपल्याच लेकीच्या हातून ती सापडली. आणि दुरुस्त करायला हातपाय नसले, तरी दोन तळहात शिल्लक आहेत.

काम तीन दिवस चाललं. कुजलेली फळी काढून नवी, तेल पाजलेली फळी बसली. शेवटच्या रांगेच्या कौलांखालून ठिणगीनं लांब पत्र्याची पट्टी सरकवली आणि तिची कड खाली पन्हळीत वाकवली, म्हणजे कौलाच्या पोटाला चिकटून मागे जाणारं पाणीही पन्हळीतच पडावं. मग पन्हळ. मामा खालून पाणसळ बघायला सांगायचे आणि ती वरून सांगायची, बुडबुडा कुठे आहे ते. उतार एकाच टोकाला. तिथला पाइप आधीच्या दीडपट जाड.

"पुढची कड मागच्यापेक्षा एक बोट खाली," मामा म्हणाले.

"दीड ठेवते."

"रस्त्यावरून वाकडी दिसेल."

"दिसू दे," ठिणगी म्हणाली, आणि वरून पहिल्यांदा हसली.

दुपारी नर्सबाई आतून आग्रहानं जेवायला बोलवायच्या. ड्रायव्हरसाहेबांना उठवून खुर्चीवर बसवायचं काम ठिणगी आणि नर्सबाई मिळून करायच्या. ते जेवताना मामांना रस्त्यांच्या गोष्टी सांगायचे, मामा त्यांना छपरांच्या. दोघांच्याही गोष्टींत पाऊस पुष्कळ असायचा. नर्सबाई म्हणाल्या, गेल्या तीन महिन्यांत मिळून ते इतके बोलले नसतील.

चौथ्या दिवशी ठिणगीनं पुन्हा पाइप लावला. वीस मिनिटं पाणी सोडलं. पाणी पन्हळीतून धावत गेलं, जाड पाइपातून खाली उतरलं आणि गल्लीच्या नालीला लागलं. आत छताखाली पातेलं कोरडंच राहिलं. भिंत वाळायला अजून आठवडा लागणार होता, पण ड्रायव्हरसाहेबांना धीर नव्हता. चौघांनी, म्हणजे खरं तर तिघांनी आणि एकाच्या सूचनांनी, पलंग खिडकीशी नेला. "डावीकडे घ्या... अजून... बस, ब्रेक!"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. एक बाई सायकल ढकलत चालली होती, एक टेम्पो मागे येत होता.

"क्लच जळतोय त्याचा," ते म्हणाले. आणि मग कुणाकडेही न बघता, "थँक्यू हं."

मामांनी साहेबांचा निपचित पडलेला डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तुम्ही बघितलं नसतं तर आम्ही अजून कौलंच बदलत बसलो असतो, साहेब. तीन कारागिरांना जे जमलं नाही, ते तुम्ही पलंगावर बसून केलंत. उपकार तुमचे."

ड्रायव्हरसाहेबांनी मान फिरवली, पण त्यांचा चेहरा बाहेरच्या उजेडात होता, त्यामुळे सगळ्यांना दिसायचं ते दिसलंच.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. दुकानाच्या पत्र्यावर असा ताशा वाजायला लागला, की समोरच्याचं बोलणं ऐकू येईना. मामा हातातलं नरसाळं खाली ठेवून नुसते बसून राहिले. ठिणगी पत्रा कापत होती, पण तिचंही लक्ष नव्हतं. तासाभरानं नर्सबाईंचा फोन आला. त्या दवाखान्यातून बोलत होत्या. साहेबांनी त्यांना फोन करून कळवलं होतं, की सगळं कोरडं आहे, आणि शिवाय समोरच्या घराची पन्हळ गळतेय, ती पत्रेमामांना दाखवायला सांगितलंय त्यांनी शेजाऱ्यांना.

ठिणगीनं फोन ठेवला आणि सांगितलं. मामांनी मान डोलावली. मग ते उठले, तिच्या टेबलापाशी गेले आणि उभे राहिले. काय करायचं ते ठरवून आलेले नव्हते.

"काय हवंय?" तिनं विचारलं.

"काही नाही." त्यांनी तिनं कापलेला पत्रा उचलला, कड अंगठ्यानं तपासली. कुठे खरखर नव्हती. "पोरी, मी हे तुला आधीच सांगायला हवं होतं. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. तू हा धंदा धरलास म्हणून... म्हणून मी अजून कामावर आहे. बरं केलंस."

ठिणगीनं कात्री खाली ठेवली. तिनं बापाकडे पाहिलं, मग पत्र्याकडे, मग पुन्हा बापाकडे. तिच्या स्वभावाप्रमाणे ती काहीतरी खोचक बोलेल म्हणून मामा तयारच होते.

"बाबा," ती म्हणाली, "त्या समोरच्या घराला उद्या जायचंय. सकाळी आठला निघू. जेवणाचा डबा दोघांचा घेते."

"आठला कशाला? सातला निघू," मामा म्हणाले, आणि टोपी खुंटीवरून काढून धूळ झटकायला दाराबाहेर गेले, पाऊस अजून पडत होता तरी.